आधी बेअरिंग, मग क्रँक

धुळे

चि. समाधान यास,



फोनवर तू नुसता "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहून पाठवतोय. वाचून झाल्यावर कागद गॅरेजच्या कपाटाला आतून चिकटव.

रावेरकडच्या केळीवाल्याची जुनी जीप दुरुस्तीला घेतलीस, बरं केलंस. इंजिन खोललंस, तेही ठीक. पण "बिगेंडला कोणते बेअरिंग टाकू?" हा प्रश्न तू मला काय विचारतोस? इंजिन तुझ्यासमोर उघडं पडलंय. आधी त्याला विचार.

पहिली गोष्ट, इंजिन कोणतं ते पक्कं कर. महिंद्रांनी 1949 साली मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आली. बॉनेट उंच करावं लागलं ते हरिकेन इंजिनामुळे. त्याचे इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनाचीच उंची वाढली. पण आपल्या भागात पेट्रोल परवडेना तेव्हा कितीतरी जीपमधून ते इंजिन उतरवून डिझेल बसवलं गेलं. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं टाकलं, कुणी नंतर प्यूजोचं. वरचा पत्रा आणि आरसी बघून बेअरिंग मागायला गेलास तर भलताच डबा घेऊन परतशील. तू स्पार्क प्लगचं बोललास, व्हॉल्वचं सांगितलंस, म्हणून मी हरिकेनच धरून चालतो: चार सिलिंडर, बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, स्ट्रोक साडेचारला एक सूत कमी, मिळून 2.2 लिटर.

आता जुन्या बेअरिंगच्या अर्ध्या-अर्ध्या शेलांकडे बघ. ती भंगाराच्या डब्यात फेकली असतील तर आत्ता उठ आणि काढून आण. कोणतं शेल कोणत्या रॉडचं, वरचं की कॅपचं, हे खडूने लिहून फडक्यावर ओळीने मांड. बारीक रेघोट्या पिन फिरते त्या दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या तर धूळ. केळीच्या बागेतून आणि काळ्या मातीच्या गाडवाटेने फिरलेली जीप, एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं, दुसरं काय व्हायचं? वरच्या शेलाचे खवले निघालेत पण कॅपमधलं बरं असेल तर टॉप गिअरमध्ये ओझं ओढत नेलेली गाडी. एका रॉडचं शेल एकाच कडेला झिजलं असेल तर रॉड वाकलाय, तो सरळ करून घेतल्याशिवाय नवं बेअरिंग टाकणं म्हणजे पैसे पांझरा नदीत टाकणं. चारही रॉडांच्या शेलांत तांबूस थर उघडा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही. मग पंप बघ, आणि चेंबरमध्ये तरंगणारी ऑइलची जाळी बघ, ती गाळाने बुजलेली असते. शेलाची पाठही उलटून बघायची. पाठ काळवंडली किंवा घासून चकचकीत झाली असेल तर शेल रॉडमध्ये सैल होतं. शेल खराब होण्याचं कारण सापडल्याशिवाय नवं बेअरिंग विकत घ्यायचं नाही. नाहीतर गिऱ्हाईक दोन महिन्यांनी परत दारात उभं, "गाडी खटखट करस भो!"

शेलाच्या पाठीवर 20 कोरलंय असं तू म्हणालास. त्यावर जाऊ नको. आधीच्या मिस्त्रीने काय घातलं एवढंच त्यातून कळतं, क्रँक आज किती उरलाय ते कळत नाही. क्रँकपिनचं मूळ माप 1.9375 इंच, म्हणजे दोन इंचाला अर्धं सूत कमी. मायक्रोमीटर लाव. व्हर्नियर यासाठी नाही, आणि बोट फिरवून "गुळगुळीत आहे" म्हणणं तर नाहीच. पिनच्या दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला उभं आणि आडवं, अशी चार मापं घे. स्फोटाचा दाब पिनच्या एकाच बाजूवर येतो, म्हणून पिन गोल न राहता अंडाकृती होते. उभ्या-आडव्या मापात थाऊभर, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाएवढा, फरक आला तर ग्राइंडिंग लागणारच. रॉडचा मोठा डोळा, म्हणजे बिगेंड, हाही कॅप आवळून आतून मोज. बेअरिंग त्या डोळ्याचा आकार घेतं. डोळा वाकडा तर बेअरिंग वाकडं.

आता माझं मुख्य म्हणणं. क्रँक घेऊन ग्राइंडिंगला जळगावच्या अजिंठा चौफुलीकडे पळू नको. ग्राइंडिंगवाला विचारेल, "दहा थाऊ काढू का वीस?" आणि तू काहीतरी सांगून मोकळा होशील. जुन्या गाडीला प्रत्येक साइज बाजारात मिळेलच असं नाही. वीसला ग्राइंड करून बसलास आणि वीसचा सेट कुठेच नाही, तर पुन्हा मशीनवर चढवून तीसला उतरावं लागतं. तिसाच्या पुढे या क्रँकला फार वाट नाही. म्हणून आधी सेट हातात घे. जळगावला नसेल तर इकडे विचार. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यातच एकमेकांना छेदतात, जुन्या मालाची दुकानं इथे आहेत. डबा उघडून आठही शेलांवरचा आकडा वाच, कारण एका डब्यात दोन साइज निघालेले मी पाहिलेत. रुंदी जुन्याशी ताड, ऑइलचं भोक रॉडच्या भोकासमोर येतं का बघ. मग शेल रॉडमध्ये बसवून, कॅप आवळून आतलं माप घे आणि त्या मापातून एक ते दोन थाऊ वजा करून पिन किती ठेवायची ते ग्राइंडिंगवाल्याला कागदावर लिहून दे. तोंडी नाही. पिनच्या कोपऱ्यातली गोलाई होती तेवढीच ठेवायला सांग. कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच तडकतो, आणि गोलाई जास्त ठेवली तर शेलाची कड तिच्यावर चढते.

क्रँक परत आला की आतल्या ऑइलच्या वाटा लांब ब्रश घालून रॉकेलने धुवायच्या, मग हवा मारायची, मग पुन्हा धुवायच्या. ग्राइंडिंगची भुकटी तिथे दडून बसते आणि पहिल्या स्टार्टला थेट नव्या शेलावर येते.

बसवताना रॉडचा आणि कॅपचा नंबर एकच हवा. शेलाची टोकं कॅपच्या कडेपेक्षा केसभर वर राहतात, ती घासायची नाहीत. आवळल्यावर तीच टोकं एकमेकांना रेटतात आणि शेल पाठीला घट्ट चिकटतं. चिकटलं तरच त्याची उष्णता रॉडमध्ये जाते. जुने मिस्त्री कॅप कानशीने घासतात किंवा शेलामागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. आवाज थांबतो खरा, गाडी विकली जाईपर्यंत. तुझ्या गॅरेजमध्ये हे मला दिसता कामा नये. स्क्रेपरने खरवडणंही बंद. ते ओतीव पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांचं काम होतं. आताच्या शेलावरचा मऊ थर जेमतेम थाऊभर असतो, दोनदा खरवडलं की संपला.

फट मोजायच्या प्लास्टिगेजचा तुकडा पिनवर आडवा ठेवून कॅप आवळ. टॉर्क 35 ते 45 फूट-पाउंड, तोही दोन-तीन टप्प्यांत. मधे क्रँक हलवायचा नाही. उघडल्यावर पट्टी जेवढी रुंद पसरलेली तेवढी फट कमी. चारही ठिकाणी एक ते दोन थाऊत आली की ऑइल लावून पक्कं आवळ आणि प्रत्येक रॉडनंतर क्रँक हाताने फिरवून बघ. रॉड पिनवर बाजूला किंचित सरकला पाहिजे. चारपासून दहा थाऊपर्यंत चालतं.

शेवटी प्लग काढून ठेव आणि गेजला प्रेशर दिसेपर्यंत हँडल मार. वैशाखात जळगावचा पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात ऑइल पातळ होतं, म्हणून फट सैल ठेवून चालणार नाही, आणि ऑइलचं प्रेशर गरम इंजिनावर पुन्हा बघायचं.

ताईला नमस्कार सांग. आणि क्रँक मशीनवर देण्याआधी चारही पिनांची मापं कागदावर लिहून मला पाठव. ती बघितल्याशिवाय मी सेट घेऊन देणार नाही.

तुझा,
नानामामा