संत्रा बगीचा किती वर्षं टिकेल? खुंट आणि जमीन बघा



पावसाळ्यात नवीन संत्रा लावायचा म्हणून कलमांचं बुकिंग सुरू झालं आहे. पैसे देण्याआधी हा मेसेज पूर्ण वाचा.

नागपुरी संत्र्याला नीट फळ यायला 5-6 वर्षं लागतात. झाड बाराव्या वर्षी वाळलं तर हाती सहा-सातच बहार येतात. तेच झाड चांगल्या जमिनीत, योग्य खुंटावर 25 वर्षंही चालतं. डोळा दोन्हीकडे नागपुरीचाच असतो, फरक पडतो तो जमिनीखाली.

*खुंट*
आपल्याकडे कलमा मुख्यतः जंबेरी किंवा रंगपूर लाईमवर बांधतात. जंबेरीवर झाड जोरात वाढतं, फळ मोठं येतं, म्हणून सगळ्यांना तेच आवडतं. पण फायटोप्थोरा बुरशीला (आपला डिंक्या, मूळकूज) जंबेरी लवकर बळी पडते. रंगपूर त्यामानाने जास्त तग धरतो. पाण्याचा ताण आणि चुनखडीही तो बरी सोसतो. भारी काळ्या जमिनीत रंगपूरच घ्यावा, असं आमचं मत आहे. मात्र रंगपूर लावला म्हणून पाणी साचलेलं चालेल, असं समजू नका.

जुन्या बगीच्यात खुंट कोणता ते कसं ओळखायचं? डोळ्याच्या खालून फुटलेल्या एखाद्या फुटव्याला कधी फळ धरलं असेल तर ते बघा. पिवळं, खडबडीत सालीचं असेल तर जंबेरी. नारंगी साल आणि आतूनही नारंगी असेल तर रंगपूर. ओळख पटली की फुटवा काढून टाका, तो झाडाचं खातो.

*कलम घेताना*
डोळा जमिनीपासून निदान 9 इंच वर भरलेला हवा. खाली भरलेला डोळा मातीत जातो आणि डिंक्या तिथूनच सुरू होतो. लावताना आणि पुढे माती चढवतानाही डोळा झाकू नका. आसपासच्या रोपांपेक्षा फार मोठी किंवा फार खुरटी कलम नको, तिचा खुंट बहुधा वेगळ्या गुणाचा असतो. पन्हेरीवाल्याकडून बिलावर खुंटाचं नाव लिहून घ्या. तोंडी बोलणं पाच वर्षांनी कामी येत नाही.

*जमीन*
वरची फूटभर माती बघून निर्णय घेऊ नका. वावरात दोन-तीन ठिकाणी 3 फूट खड्डा खोदा. खाली पांढरी चुनखडी किंवा चिकट चोपण लागली तर थांबा. मग खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे मुळं गुदमरणार. मातीचा नमुना प्रत्येक फुटाचा वेगळा घ्या आणि मुक्त चुना तपासायला सांगा. तो 10 टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा तिथे टिकणं कठीण.

भारी जमिनीतच लावायचा असेल तर गादीवाफ्यावर लावा आणि उताराच्या दिशेने चर काढा. जुना वाळलेला बगीचा काढून लगेच त्याच खड्ड्यात कलम लावू नका, बुरशी मातीत बसलेली असते.

*उभ्या बगीच्यासाठी*
खोडाला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला 3 फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको.

खड्ड्याचा फोटो (खालपर्यंतचा, नुसता वरचा नको) आणि माती रिपोर्ट आला की खुंट कोणता घ्यायचा ते कळवू. फोटो याच नंबरवर पाठवा. ॲडव्हान्स त्यानंतर द्या.