ओसाकाला निघालेल्या भाचीस

देवास

चि. सोनूस,


तू जपानीची एन-फोर परीक्षा पास झालीस आणि ओसाकाच्या वृद्धाश्रमात तुझं काम पक्कं झालं, हे दादाने धारहून फोन करून सांगितलं. फार बरं वाटलं. परवा तू आली होतीस तेव्हा तुझी जपानीची वही माझ्याकडे विसरून गेलीस. ती चाळली, म्हणून हे पत्र. वहीत माफी मागायची वाक्यं पानभर आहेत, परवानगी मागायची आहेत, रस्ता विचारायची आहेत. आनंद सांगणारं वाक्य मात्र एकच, आणि तेही खाडाखोड केलेलं. दोष तुझा नाही. ही परीक्षा वाचून आणि ऐकून द्यायची असते, तिच्यात तोंड उघडावंच लागत नाही. पण ज्या आजी-आजोबांना तू सकाळी उठवणार, जेवू घालणार, त्यांच्यासमोर तुझी परीक्षा दिवसभर बोलण्याचीच आहे.

आपल्या घरांत आनंद शब्दांत सांगायची रीत कमी. तुझ्या आईने कधी तुझे आभार मानले का, किंवा तू तिचे? आनंद झाला की दादा पोहे-जिलेबी घेऊन येतो, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवते, आणि ज्याचं त्याला कळतं. माळव्यातल्या आपल्या मराठी घरांना हे पुरतं, कारण पिढ्यानपिढ्या माणसं एकमेकांना ओळखतात. तिथे तुला कोणी ओळखत नाही. न सांगितलेला आनंद तिथे पोचणार नाही, आणि पोचला नाही तर समोरच्याला वाटेल, या मुलीला इथे आवडत नाही.

उलट बाजूही सांगते. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकून मी पीथमपूरला दुभाषाचं काम धरलं, तेव्हा एका कारखान्यात नवीन यंत्र बसवायला जपानी इंजिनियर आले होते. पुष्कळ खटाटोपानंतर यंत्रातून पहिला नग नीट बाहेर पडला. आपल्या लोकांनी टाळ्या पिटल्या, एकाने शिट्टी मारली. जपानी साहेबांनी नग हातात फिरवून पाहिला आणि अगदी हळू म्हणाले, ‘योकात्ता.’ बस. आमचा फोरमन माझ्या कानाशी लागला, ‘साहेब नाराज आहेत का?’ ते नाराज नव्हते. एवढ्या दिवसांची काळजी उतरली, सगळं नीट पार पडलं, हे सारं त्यांनी त्या एका शब्दात घातलं होतं. त्यांचा आनंद आवाजाने मोजायचा नाही, हे मी त्या दिवशी फोरमनला समजावलं आणि आज तुला सांगते.

हा ‘योकात्ता’ तू आधी शीक, ‘उरेशी’च्याही आधी. आजोबांचा ताप उतरला, आजींचा मुलगा भेटायला येऊन गेला, पडता पडता कोणी सावरलं, की ‘योकात्ता देसु ने’ म्हणायचं. शेवटचा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. तो लावला की आनंदात दोघं आली. पण एक जप. स्मृती गेलेल्या आजी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतील तेव्हा हेच वाक्य अर्धवट कानाने फेकायचं नाही. त्यांना ते कळतं. नजर त्यांच्याकडे असेल तेव्हाच बोल.

‘उरेशी’ आणि ‘तानोशी’ यांत तुझी गल्लत होते, वहीत दिसलं. काही घडलं आणि मन भरून आलं तर उरेशी: पत्र आलं, कोणी नाव लक्षात ठेवलं, परीक्षा पास झाले. आपण काही करत असताना मजा येते ती तानोशी: सहल, गाणं, गप्पा. आणि कालचा आनंद सांगताना ‘उरेशी देशिता’ म्हणू नकोस. तिथे शब्दच बदलतो, ‘उरेशिकात्ता देसु’, ‘तानोशिकात्ता देसु’. आपल्याकडची मुलं ही चूक हमखास करतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जपानीत ‘मला आनंद झाला’ हे सरळ म्हणता येतं, पण ‘आजींना आनंद झाला’ हे तितकं सरळ म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या मनात तू डोकावलेली नाहीस, हे ती भाषा विसरू देत नाही. म्हणून ‘उरेशिसो’, आनंदात दिसतात, असं म्हणायचं. किंवा त्यांनी तसं सांगितलं, असं म्हणायचं. रात्रपाळीच्या बाईंना कामाची माहिती देताना हे विशेष सांभाळ. वडीलधाऱ्याला तोंडावर ‘तुम्हाला आनंद झाला का?’ असं विचारणंही तिथे आगाऊपणाचं वाटतं. मला हे शिकताना आपल्या धारच्या भोजराजाची आठवण व्हायची. अकराव्या शतकात त्याने ‘शृंगारप्रकाश’ लिहिला, छत्तीस प्रकाशांचा प्रचंड ग्रंथ, आणि सगळ्या रसांचं मूळ एकच मानलं: माणसाचा ‘अहंकार’, म्हणजे गर्व नव्हे, तर स्वतःची स्वतःला असलेली जाण. भावना ज्याची त्याच्यापाशीच उगवते, हे ज्या गावच्या राजाने एवढ्या विस्ताराने लिहिलं त्या गावची तू. तुला जपानी व्याकरणाचा हा नियम परका वाटू नये.

‘उरेशिसो’मधल्या याच ‘सो’चा एक खड्डा आहे. ‘ओइशी’ म्हणजे चविष्ट, ‘ओइशिसो’ म्हणजे चविष्ट दिसतंय. ताट समोर आलं की ‘ओइशिसो’, घास घेतल्यावर ‘ओइशी’. पण ‘कावाइई’ म्हणजे गोड, म्हणून गोड दिसणाऱ्या बाळाला कोणी ‘कावाइसो’ म्हणेल, तर त्याचा अर्थ होतो ‘बिचारं!’ आजी नातवाचा फोटो दाखवतील तेव्हा ‘कावाइई देसु ने’ एवढंच म्हण. तसंच कोणी चहा पुढे केला आणि तू नुसतं ‘इई देसु’ म्हणालीस, तर ते नको असंच समजतील. छान म्हणायचं असेल तर ‘इई देसु ने’. एका ‘ने’ने चहाचा पेला परत जाण्यापासून वाचतो.

वरिष्ठांचं कौतुक करताना ‘जोज़ु देसु ने’, छान जमतं तुम्हाला, असं नको. शिकाऊ मुलीने गुरूला गुण दिल्यासारखं ते होतं. त्यांनी एखाद्या जड आजोबांना अलगद पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते दाखवलं, तर म्हण, ‘बेंक्यो नी नारिमाशिता’, मला शिकायला मिळालं. तुझं कौतुक झालं की आपल्याकडच्यासारखं ‘अहो, कसचं!’ करायची सवय तिथेही आहे, ‘ईए, मादा मादा देसु’. पण मी म्हणेन, दर वेळी झटकू नकोस. ‘आरिगातो गोज़ाइमासु, उरेशी देसु’ म्हणून कौतुक दोन्ही हातांनी घे. देणाऱ्यालाही बरं वाटतं.

आभार दोनदा मानायचे, हे आपल्याकडे नाही म्हणून मुद्दाम सांगते. कोणी जेवायला नेलं तर उठताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी भेटल्याबरोबर, दुसरं काही बोलायच्या आधी, कालबद्दल पुन्हा. पहिल्यांदा रीत म्हणून, दुसऱ्यांदा तुला ते अजून आठवतंय म्हणून. हे चुकलं तर कोणी बोलून दाखवणार नाही, पण मनात राहील.

उच्चाराची तुला काळजी आहे, असं दादा म्हणाला. तुझ्या आजीचं मराठी आठव. चूल, चमचा, चांदणं यांतला तिचा च आणि जसं, जग यांतला तिचा ज. हिंदी शाळेत जाऊन तुम्हा मुलांचे ते उच्चार बोथट झाले. ‘आत्सुइ’मधला त्सु म्हणजे आजीच्या चुलीतला चु, आणि ‘गोज़ाइमासु’मधला ज़ म्हणजे तिच्या ‘जसं’मधला ज. आठवडाभर तिच्याशी बस आणि तिच्यासारखं बोल. ‘देसु’, ‘मासु’मधला शेवटचा उ जवळजवळ गिळायचा. लांबी मात्र गिळू नकोस: ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. तसं वृद्धाश्रमात कोणालाच आजी म्हणू नये, आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मार. त्या कोणाच्या तरी आजी असतील, तुझ्यासाठी त्या स्वतःच्या नावाच्या बाई आहेत.

जपानी माणसं कोरडी, असं कोणी म्हणालं तर मानू नकोस. आपलंच उदाहरण घे. देवासला गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयातून उठायला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या गाण्यात जागेवर दाद देणारे कान या गावात तयार झाले. तशी दाद जपानात काबुकीच्या नाटकात मिळते. नट नेमक्या पवित्र्यात थांबला की मागच्या रांगांतून जाणकार त्याच्या घराण्याचं नाव पुकारतात, कोणी ‘मात्ते माशिता!’ म्हणतो, म्हणजे याचीच तर वाट पाहत होतो! क्षण चुकला की ती दाद वाया जाते, अगदी आपल्या समेसारखी. आनंदाला त्यांनी जागा ठरवून दिल्या आहेत, आणि त्या जागी ते मुळीच हात आखडत नाहीत. आणि तू तर ओसाकाला चाललीस. तिथली माणसं तोक्योच्या मानाने मोकळी, बोलकी. ‘मेच्चा ओइशी’, ‘मेच्चा उरेशी’ तुला रोज ऐकू येईल, दुकानदार ‘ओओकिनी’ म्हणून आभार मानेल. बरोबरीच्या मुलींत तूही ‘मेच्चा’ म्हण, वरिष्ठांपुढे नको.

पहिल्या सुट्टीत नारा पाहून ये, ओसाकाहून जवळ आहे. तिथल्या तोदाइजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून उघडले गेले. तू घोकलेली आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-नाची ओळ आपल्या वर्णमालेच्या क्रमाशी जुळते, ती काही योगायोगाने नव्हे; बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर तो क्रम तिथे नेला. मूर्तीसमोर उभी राहशील तेव्हा बरोबरच्या माणसाला ‘कांदो शिमाशिता’ म्हणून सांग, मन हेलावलं म्हणून. मनात ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. आनंद नसताना तो दाखवायचा नाही. थंडी असेल, घरची आठवण येईल, एखाद्या सकाळी रिकामा पलंग दिसेल. अशा वेळी कोणी चेहऱ्यावर हसू ठेवायला सांगितलं तरी खोटं ‘तानोशी’ म्हणू नकोस, ‘सुकोशी त्सुकारेमाशिता’, थोडी थकले, एवढं खरं सांग. जी मुलगी थकल्याचं खरं सांगते, तिच्या ‘उरेशी’वर आजी विश्वास ठेवतात.

आता सामानाचं. बरोबरच्या कर्मचाऱ्यांसाठी शेंगदाण्याची चिक्की ने, पण प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात बांधलेला हवा. त्यांच्या ऑफिसात तसंच वाटतात. आणि पाकिटावर शेंगदाणे असल्याचं जपानीत लिही, काहींना ते चालत नाहीत. देताना दोन्ही हातांनी दे आणि म्हण, ‘ओकुची नी आउ तो उरेशी देसु’, तुमच्या तोंडाला रुचली तर मला आनंद होईल. आजी-आजोबांना मात्र एक तुकडाही द्यायचा नाही, गिळताना अडकतं. कोणाला काय द्यायचं ते तिथल्या नर्सनाच विचार. चिक्की मी इथल्या दुकानात सांगून ठेवते. रविवारी दादा देवासला येणार आहे, त्याच्याबरोबर ती आणि तुझी वही धाडते. वहीच्या मागच्या पानावर वरची सगळी वाक्यं मी जपानी लिपीत लिहिली आहेत. आजीपाशी बसून मोठ्याने वाच.

तुझी,
आत्या