घोड्यांच्या कुरणातील विषारी तणांचा बंदोबस्त

आपल्याकडे मेंढपाळ, टांगेवाले व सारंगखेड्यासारख्या बाजारातून घोडी आणणारे शेतकरी जनावर बहुधा माळरानावर चारतात. कुरण विरळ झाले की मोकळ्या जागी तणे वाढतात. चांगले गवत असेपर्यंत घोडा विषारी झाड सहसा टाळतो; चारा संपला की तेही खातो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही. म्हणून तणनियंत्रण हा जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे.

मुख्य तणे

१) खुळखुळा : शेंगा वाळल्यावर खुळखुळ वाजतात. याच्या अनेक जातींतील विषाने यकृत हळूहळू निकामी होते. जनावर खंगते, हिरड्या पिवळ्या पडतात, पुढे ते दिशाहीन चालते. अशी लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वाळल्यावरही विष टिकते, म्हणून साठवणीच्या गवतात हे तण येऊ देऊ नये.

२) कण्हेर : हे तण नव्हे, पण कुंपणाला लावतात. थोडी पानेही घोड्याला मारक ठरतात. छाटलेल्या फांद्या कुरणात टाकू नयेत.

३) घाणेरी : गुरे व मेंढ्यांना कावीळ होते. झुडूप पसरले की खालचे गवत मरते.

४) गाजरगवत : १९५५च्या सुमारास पुण्यात आढळले व देशभर पसरले. माणसांच्या व जनावरांच्या कातडीला खाज येते. एका झाडापासून हजारो बिया होतात.

नियंत्रण

१) पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी तणे मुळासकट उपटावीत. हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

२) घाणेरी नुसती छाटली तर पुन्हा फुटते. खोडके खणून काढावीत व नवे फुटवे वेळोवेळी उपटावेत.

३) उपटलेली तणे जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठिकाणी न्यावीत.

४) गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे दिसल्यास तेथे फवारणी करू नये. ते पावसाळ्यात पाने खाऊन झाड दुबळे करतात.

५) रुंद पानांची तणे फार असल्यास २,४-डी वापरता येते. गवत वाचते, पण स्टायलोसारखी द्विदल चारापिके मरतात. मात्रा व चराई बंद ठेवण्याचा काळ डब्यावरील सूचनेप्रमाणेच पाळावा. कापूस, द्राक्ष व टोमॅटोजवळ वारा असताना फवारू नये. पंप वेगळा ठेवावा.

महत्त्वाची सूचना : फवारलेले किंवा उपटलेले तण कोमेजल्यावर जनावरांना अधिक रुचकर लागू शकते. ते पूर्ण वाळून उचलले जाईपर्यंत घोडे कुरणात सोडू नयेत.

तणे परत येऊ नयेत म्हणून

कुरणाचे तीन-चार भाग करून आळीपाळीने चारावे. गवत चार बोटे उंच उरले की घोडे दुसऱ्या भागात न्यावेत. लीद उचलावी, लिदीजवळचे गवत घोडा खात नाही व तेथे तणे माजतात. मोकळ्या जागी पावसाळ्याच्या सुरुवातीस मारवेलची ठोंबे लावावीत.

तणे एकदा काढून भागत नाही. जमिनीत पडलेल्या बिया पुढील काही वर्षे उगवत राहतात, म्हणून दर पावसाळ्यात कुरणात फेरी मारावी. घोडा मलूल किंवा पिवळसर दिसल्यास चराई थांबवून, संशयित झाडाची फांदी सोबत घेऊन पशुवैद्यकास ताबडतोब दाखवावे.