आठवणींचा शोध केव्हा थांबतो?

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन, ठाऊक असलेल्या पक्ष्यांची नावे लिहून पाहावीत. कावळा, चिमणी, पोपट, मैना ही नावे भराभर सुचतात. त्यानंतर घार, गिधाड, घुबड असा एखादा गट येतो. पुढे दोन नावांमधील अंतर वाढत जाते आणि अखेरीस आपण पेन्सिल खाली ठेवतो. साठा संपला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण शोध थांबविण्याचा निर्णय घेतलेला असतो.

बाउसफील्ड व सेजविक या अमेरिकन संशोधकांनी 1944 साली अशा याद्यांचा अभ्यास केला. नवी नावे सुचण्याचा वेग आरंभी अधिक असतो व क्रमाक्रमाने मंदावतो, असे त्यांना आढळले. असे का व्हावे? रायमाकर्स व शिफ्रिन यांनी 1981 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, शोधाच्या प्रत्येक फेरीत जी नावे मनात दृढ असतात तीच पुनःपुन्हा वर येतात. दुर्बल नावे मागे राहतात. निष्फळ फेऱ्यांची संख्या ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचली, की मन शोध सोडून देते. फळे विरळ झाली म्हणजे पक्षी झाड सोडतो, तसाच हा व्यवहार आहे. त्यात श्रमांची काटकसर आहे, यात शंका नाही.

परंतु ही काटकसर कधी कधी महाग पडते. बॅलर्ड यांनी 1913 मध्ये लंडनच्या शाळकरी मुलांविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या कवितेच्या ज्या ओळी मुलांना प्रथम आठवल्या नव्हत्या, त्यांपैकी काही पुढे, पुन्हा न वाचताही, त्यांना आठवल्या. म्हणजे पहिल्या प्रयत्नात जे गवसले नाही ते नष्ट झाले होते असे नव्हे.

डॉक्टरांपुढील रुग्ण किंवा पोलिसांपुढील साक्षीदार 'एवढेच आठवते' असे सांगतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते. 1980 नंतरच्या दशकात गायझलमन व फिशर यांनी साक्षीदारांसाठी मुलाखतीची एक पद्धत विकसित केली. तीत प्रसंगाचे स्थळ मनासमोर आणावयास आणि घटना उलट क्रमानेही सांगावयास सुचविले जाते. वाट बदलली की दुर्बल आठवणही हाती येऊ शकते. मात्र उत्तर सुचविणारे प्रश्न कटाक्षाने टाळावे लागतात. कारण आग्रहापोटी न घडलेली गोष्टही 'आठवू' शकते. म्हणून विचारणाऱ्याने घाई करू नये, आणि शब्दही पुरवू नयेत.