नावं किती होती?

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी दादाचा फोन आला. आधी तुझी तब्येत, मग घरभाडं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "पोरानं ऑफिसात काहीतरी गोंधळ घातलाय, आणि बोलणी दुसऱ्याच मुलीला बसली म्हणे." त्याला त्यातलं कळत नाही. याद्या छापताना नावांभोवतीची अवतरणचिन्हं तू काढून टाकलीस, एवढंच त्याला सांगता आलं. मला तेवढं पुरलं. रात्रीचा घास गोड लागला नाही.

खरं आहे का रे? चिन्हांचं नंतर बोलू. त्या मुलीचं खरं आहे का?

तू म्हणशील, आत्या, ते कंस नि अवतरणं गिऱ्हाइकाला बरी दिसत नाहीत. नसतील दिसत. पण ती कुणी हौसेनं घातलेली नाहीत. तुझ्या लाडक्या सी प्लस प्लसमध्ये २०२० च्या मानकात फॉरमॅटची सोय आली, पण अख्खा व्हेक्टर सरळ छापता यायला २०२३ चं मानक उजाडावं लागलं. व्हिक्टर झ्वेरोविच यांच्या एफएमटी लायब्ररीत याद्या त्याआधीपासून छापता येत होत्या. मानकासाठी बॅरी रेव्झिन यांनी प्रस्ताव लिहिला. एकटी स्ट्रिंग छापली तर ती उघडीच छापली जाते. तीच यादीत बसली की तिला अवतरणचिन्हं लागतात, कारण "पाटील, शंकर" हे एक नाव यादीत उघडं पडलं तर वाचणाऱ्याला दोन दिसतात. व्हेक्टरला चौकटी कंस, सेटला महिरपी, मॅपमध्ये किल्ली आणि मूल्याच्या मध्ये अपूर्णविराम. कंस नकोच असतील तर 'एन' लिहून काढता येतात. काढायची वाट ठेवलेली आहे, पण ती आपण होऊन मागावी लागते. न मागता मिळतं ते असं, की नावं किती होती हे कागदाकडे बघून कळावं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९९४ साली एका पतसंस्थेसाठी मी सी मध्ये कर्जाचा प्रोग्राम लिहिला, हे तुला माहीत आहे. आजीनं त्याचे पेढे वाटले होते, तेही तू ऐकलं आहेस. पुढचं कुणालाच माहीत नाही. जामीनदारांची नावं मी नुसत्या स्वल्पविरामानं जोडून फाइलीत टाकत होते. दुसरा प्रोग्राम, तोही माझाच, स्वल्पविराम मोजून त्यात एक मिळवायचा आणि म्हणायचा, जामीनदार इतके. एका कर्जाला एकच जामीनदार होता. टाइप करणाऱ्या तात्यांनी आडनाव आधी लिहून मध्ये स्वल्पविराम दिला होता. माझ्या प्रोग्रामला दोन दिसले. कर्ज मंजूर झालं.

ऑडिटमध्ये ते निघालं तेव्हा सगळ्यांसमोर तात्यांना विचारलं गेलं, नावात स्वल्पविराम कशाला घातलात? ते खाली मान घालून उभे होते. मी तिथेच होते, हातात प्रिंटआउटची चळत होती. चूक माझी आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी बोलले नाही. संध्याकाळी त्यांनीच मला चहा आणून दिला. पुढे ते निवृत्त झाले, मग गेले. सांगायचं राहून गेलं.

म्हणून परत विचारते, त्या मुलीशी बोललास का?

गेल्या वर्षी रात्री दीड वाजता तूच मला फोन केला होतास. नमपायचा अॅरे स्ट्रिंग करून फाइलीत ठेवला होतास, आणि उघडून बघतोस तर दोन्ही टोकांचे तीन तीन आकडे आणि मध्ये तीन टिंबं. हजारावर घटक गेले की आपण होऊन सांगितल्याशिवाय नमपाय सगळे छापत नाही, हे तुला तेव्हा कळलं. "आत्या, माझे आकडे गेले गं," म्हणालास. आवाज कापत होता तुझा. माणसाला दाखवायचा मजकूर वेगळा आणि पुन्हा वाचून घ्यायचा वेगळा, तो जेसनसारख्या ठरलेल्या साच्यातच ठेवायचा, असं तूच मला बजावलंस. ते ज्याला कळलंय त्यानं हे करावं, याचंच जास्त लागलं मला.

रागावले, माफ कर. कदाचित दादानं अर्धंच ऐकलं असेल. कदाचित तू आधीच सगळ्यांना सांगूनही टाकलं असशील आणि मी इथे उगाच जीव जाळते आहे. तसं असेल तर हे पत्र फाडून टाक. आणि नसेल, तरी तू माझाच आहेस. तात्यांची गोष्ट आज पहिल्यांदा लिहिली, तीही तुलाच.

गुडघ्यांमुळे मला पुण्याला येणं जमत नाही, नाहीतर उद्याच्या पहिल्या एसटीनं आले असते. मेतकूट आणि लसणाची चटणी कुरिअरनं पाठवते आहे, डबा परत पाठवायची घाई नको. जेवत जा वेळेवर.

त्या मुलीशी बोलणं झालं की नुसता मिस्ड कॉल दे. फोन उशाशीच ठेवते.

तुझी,
आत्या