शेतात उमटलेली वर्तुळे

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, स्टोनहेंज या सुप्रसिद्ध शिलावर्तुळापासून सुमारे तीन किलोमीटरवर, एका शेतात मातीचा बुटका उंचवटा होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरणीने तो जवळजवळ सपाट झाला होता. एखादे प्राचीन थडगे असावे, यापलीकडे त्याचा विचार कोणी केला नव्हता.

इ. स. १९२५ च्या हिवाळ्यात गिल्बर्ट इन्सॉल हे वैमानिक या भागावरून जात असता त्यांना तेथे एक वर्तुळ व त्याच्या आत पांढरट खुणा दिसल्या. पुढील उन्हाळ्यात शेतात गहू उभा होता. तेव्हा वरून पाहता गर्द ठिपक्यांची एकात एक अशी अनेक कडी स्पष्ट उमटलेली होती. शेताच्या बांधावर उभ्या राहणाऱ्यास मात्र त्यांतील काहीच दिसले नसते!

याचे कारण जमिनीत आहे. तेथे मातीच्या पातळ थराखाली पांढरा खडू लागतो. प्राचीन लोकांनी त्यात खळगे खणून लाकडी खांब उभारले. खांब कुजून गेले व खळगे मातीने भरले. या खोल मातीत ओलावा टिकतो. म्हणून तेवढ्याच जागी गहू अधिक जोमाने वाढतो. लाकूड नाहीसे झाले, पण त्याची जागा पिकाने दाखविली.

इ. स. १९२६ मध्ये मॉड कनिंग्टन व त्यांचे पती बेंजामिन यांनी उत्खनन आरंभिले. खांबांच्या खळग्यांची सहा लंबवर्तुळे उघडकीस आली. भोवती खंदक होता व त्याच्या बाहेर मातीचा बांध. किल्ल्याची रचना नेमकी याच्या उलट असते. तेव्हा हे स्थळ संरक्षणासाठी नव्हते, हे उघड आहे. वर्तुळांचा लांब अक्ष उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे वळलेला आहे. ही रचना सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. स्टोनहेंजच्या धर्तीवर तिला ‘वुडहेंज’, म्हणजे लाकडाचे हेंज, हे नाव मिळाले.

मध्यभागी एका लहान बालकाचे दफन आढळले. कवटी दुभंगलेली दिसल्यावरून, त्याचा बळी दिला असावा असे कनिंग्टनबाईंचे मत झाले. मातीच्या भारानेही कोवळी कवटी अशी उकलू शकते, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. परंतु तोवर ती हाडेच दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाली होती. एवढा गंभीर आरोप, आणि पुरावा मात्र पुन्हा तपासता येत नाही!

खांबांवर छप्पर होते की ते उघड्या आकाशाखाली उभे होते, याविषयीही मतभेद आहेत. कनिंग्टन दांपत्याने ही जमीन विकत घेऊन राष्ट्राला अर्पण केली. आज प्रत्येक खळग्याच्या जागी काँक्रीटचा एक आखूड खांब उभा आहे. मूळ खांब किती उंच होते, हे खळग्यांवरून समजत नाही.