अंक बदलणारे एक छोटे मॉड्यूल

जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. ही भाषा म्हणजे विज्ञान शाखेचा प्रांत, असे आमच्या वर्गात पुष्कळांना वाटते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. या भाषेत एक लहानसे मॉड्यूल कसे रचावे आणि ते सर्वांसाठी प्रसिद्ध कसे करावे, हे माझ्यासारख्याच नवशिक्यांना सांगण्याचा येथे विचार आहे.

मॉड्यूल म्हणजे एखादे काम करणारी, वेगळ्या फाइलीत ठेवलेली आणि कोणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडून घेता येणारी सामग्री. मी निवडलेले काम साधे आहे: मजकुरातील इंग्रजी अंक देवनागरी करणे. माझे वडील सारा हिशेब मराठी अंकांत मांडतात. इंग्रजी अंकांतले बिल आले की ते मुकाट्याने माझ्यापुढे सरकवतात. घरात महाविद्यालयात पोचलेली मी पहिलीच, तेव्हा हे काम माझ्याकडे येणे ओघानेच आले.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे नऊ अंक दोन्हीकडे ओळीने येतात, म्हणून दोहोंतील अंतर सर्वत्र २३५८ इतकेच राहते. फंक्शनने मजकुरातील इंग्रजी अंक हुडकावा, त्याच्या क्रमांकात २३५८ मिळवावेत आणि त्या क्रमांकाचे अक्षर तेथे ठेवावे. स्वल्पविराम, रुपयाची खूण यांना हात लावू नये. एवढे पाच-सहा ओळींत होते. शेवटी ‘मॉड्यूल डॉट एक्स्पोर्ट्स’ लिहून ते फंक्शन बाहेरच्यांना खुले करावे.

खरा विचार पुढेच करावा लागतो. वापरणाऱ्याने मजकुराऐवजी नुसती संख्या दिली तर? पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० आहे. जावास्क्रिप्टच्या जुन्या ढंगाच्या फाइलीत तो अवतरणचिन्हांवाचून लिहिला, तर आरंभीच्या शून्यामुळे भाषा तो आठाच्या पायावर वाचते आणि त्याचे १६ होतात! म्हणून माझे फंक्शन फक्त मजकूर स्वीकारते. संख्या दिल्यास स्पष्ट चूक दाखवते. काहींना हा हट्ट वाटेल. मला मात्र चुकीच्या उत्तरापेक्षा नकार बरा वाटतो.

आता प्रकाशन. त्यासाठी एनपीएम हे मोठे भांडार आहे. ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा दिली की ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची फाइल तयार होते. तीत नाव, आवृत्ती, मुख्य फाइल व परवाना यांची नोंद असते. नाव आधी कोणी घेतलेले नसावे. भांडारात खाते उघडून ‘एनपीएम पब्लिश’ म्हटले की काम झाले. पण त्याआधी हीच आज्ञा ‘ड्राय रन’ जोडून द्यावी, म्हणजे कोणत्या फाइली बाहेर जाणार आहेत ते दिसते. आपली खासगी फाइल चुकून जगापुढे जाऊ नये.

प्रसिद्ध झालेली वस्तू आपल्या एकट्याची राहत नाही. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू यांनी एका नावाच्या वादातून आपली सर्व मॉड्यूल्स भांडारातून काढून घेतली. त्यांतले ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या ११ ओळींचे होते. मजकुराच्या डावीकडे भर घालण्यापलीकडे ते काही करीत नव्हते. तरी त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प अडले, आणि भांडारचालकांनी काही तासांतच ते परत ठेवले. त्यानंतर नियम कडक झाले. ७२ तासांच्या आत, आणि दुसरे कोणतेही पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तरच, ते सहज मागे घेता येते. पुढे अटी वाढतात. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांकही त्या नावाखाली पुन्हा वापरता येत नाही.

या क्रमांकाचे तीन भाग असतात. दुरुस्ती केली तर शेवटचा वाढवावा, नवी सोय दिली तर मधला, आणि जुन्या वापरणाऱ्यांचे काम मोडणार असेल तर पहिला. उद्या मी संख्या स्वीकारू लागले, तर मधला आकडा बदलेन. सध्या माझे मॉड्यूल १.०.१ वर आहे. त्यात फक्त सोबतच्या माहितीपत्रकात किराणा बिलाचे एक उदाहरण वाढवले आहे.